जीव, केसभर पुढे

दस्तगीरचाचांचा उजवा हात
मार्च महिन्यात त्यांना सोडून गेला.
म्हणजे होता तिथेच, मांडीवर,
घडी घालायची राहून गेलेल्या कपड्यासारखा.

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मी त्यांना मऊ चेंडू दिला : दाबा.
गोट्या दिल्या : या ताटलीतून त्या ताटलीत.
बाराव्या गोटीला ते थांबले.
"पोरी, ह्या गोट्या तिकडं नेऊन
कुणाचं काय भलं होणार हाय?"

फिजिओथेरपीच्या सगळ्या वर्षांत
हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता.

पाचव्या आठवड्यात सून, शमशाद,
रिक्षातून एक तंबोरा घेऊन आली,
चादरीत गुंडाळलेला, झोपलेल्या मुलासारखा.
लाख झालेली, नक्षी झालेली, तारा चढलेल्या,
फक्त जवारी राहिलेली.
धारवाडच्या एका बाईंची ऑर्डर,
पैसे घेतलेले आणि खर्चही झालेले.
थोरल्याचा हात कानशीवर बसलाय, म्हणाली,
कान अजून बसायचाय.

मग चाचांनी मला शिकवलं,
धरायला कुणीतरी लागणारच होतं म्हणून.
ही घोडी. ही तार.
तारेखाली हा सुती दोरा,
एवढासा, सदऱ्याच्या शिवणीतून निसटल्यासारखा.
याला आम्ही जीव म्हणतो.
जीव मागं राहिला तर तार नुसती वाजते.
फार पुढं गेला तर कुरकुरते.
मधी कुठंतरी, केसभर जागेत,
ती बोलायला लागते.

मी नोंदवहीत लिहिलं :
चिमूट, अंगठा आणि तर्जनी, सूक्ष्म हालचाल.

पहिल्या दिवशी दोरा सात वेळा पडला.
सात वेळा मी खाटेखाली रांगले.
दुसऱ्या दिवशी बोट तारेला अडखळलं
आणि म्हातारा खोकावा तसा आवाज निघाला.
चाचांनी शिव्या दिल्या, जुन्या, ठसठशीत,
आणि मी मनात खूश,
कारण शिवी देताना ओठाची उजवी कड
महिन्याभरात पहिल्यांदाच वर गेली.

मग किती दिवस गेले, मोजले नाहीत.
चेंडू कोपऱ्यात धूळ खात होता.

एका दुपारी लाइट गेली.
पंखा थांबला, कॉरिडॉरमधला टीव्ही थांबला,
कुणाचं तरी भांडणही थांबलं.
चाचांनी दोरा सरकवला,
मी बघितलं नाही, इतका कमी.
आणि खर्ज उघडला.
एका तारेतून किती जणी बोलत होत्या!
मी काहीतरी म्हणायला गेले.
"गप. अजून संपला नाही तो."

मी गप्प. आणि माझेच खांदे खाली आले,
जे मी दिवसभर लोकांना खाली घ्यायला सांगते.

शेजारच्या खाटेवरचे जतचे मलकारी,
पोत्याखाली पाठ मोडलेले,
बऱ्याच वेळानं छताकडे बघत म्हणाले,
"दुखायचं थांबलं नाही हो,
पण दुखणं जरा लांब जाऊन बसलं."

घरी सोडण्याच्या कागदावर
याला रकाना नव्हता.
तिथं लिहिलं : पकड सुधारली, थोडी.
बटणं अजून शमशाद लावते.
चहा अजून बशीत सांडतो.
तंबोरा धारवाडला गेला,
बाईंनी कळवलं, जोडीतली एक तार किंचित खरखरते.
चाचा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."
आणि खूप दिवसांनी हसले.

जाताना माझ्या वहीवर स्वतःचं नाव
डाव्या हातानं वेडंवाकडं काढून म्हणाले,
दस्त म्हणजे हात, गीर म्हणजे धरणारा.
अब्बांनी नाव ठेवलं खरं,
कुणी कुणाचा धरायचा ते सांगितलं नाही.

गोट्या अजून आहेत, चेंडूही आहे.
पण नवा माणूस आला की आधी विचारते,
हात कशाला हवाय?
काल एक आजोबा लाजत म्हणाले,
"पत्ते पिसायला."